बोरटेकचा रंजनांक

बोरटेकच्या विमानतळावर माणसांना सामानासकट काट्यावर उभं करतात, हे नव्या पाहुण्याला कुणी आधी सांगत नाही. विमान नऊ जणांचं. पंखांवर ओळीनं आठ छोटे पंखे आणि पोटात बॅटऱ्या. इंधनाचं विमान उडता उडता हलकं होत जातं. बॅटरीचं मात्र उतरेपर्यंत तेवढंच जड राहतं. त्यामुळे परतीच्या वेळी कुणाच्या पिशवीत किती किलो हुरडा आहे, याला भलतंच महत्त्व. पण याच आठ पंख्यांमुळे ते चारशे मीटरांत उचललं जायचं. म्हणूनच जिथे पूर्वी फक्त बोरी आणि शेळ्या होत्या, त्या मुरमाड टेकडावर २०४१ साली चक्क विमानतळ होता आणि त्याच्या फाटकावर पाटी होती : 'लोणार विवराचे प्रवेशद्वार'.

या प्रवेशद्वारावर माणूस एकच. प्रणिता बाजड. विमानतळप्रमुख तीच, हवामान बघणारी तीच, तिकीट तपासणारी तीच आणि धावपट्टीवर शेळ्या आल्या तर त्या हाकणारीही तीच. लग्नानंतरची सहा वर्षं तिनं पुण्याच्या मोठ्या विमानतळावर काढली होती. नवरा निलेश इकडे शेती आणि म्हातारी आई सांभाळायचा. महिन्यातून दोनदा भेट, आणि त्यातली एक भेट प्रवासातच जायची. 'मेघवाट' कंपनीनं बोरटेकचा मार्ग सुरू केला तेव्हा प्रणितानं हट्टानं बदली मागून घेतली, आणि त्या दिवसापासून तिचा संसार एका छपराखाली आला.

पुण्याहून सव्वा तासात पाहुणे यायचे. निलेश त्यांना गाडीतून विवर दाखवायचा. हजारो वर्षांपूर्वी उल्का आदळून काळ्या दगडात पडलेला तो प्रचंड खड्डा, तळाशी खारं पाणी, काठावर जुनी देवळं. मग मुक्काम बोरटेक गावातल्या सात घरांपैकी एखाद्या घरात. सगळं झकास चाललं होतं, आणि मग मनगटी आली.

मनगटी म्हणजे घड्याळासारखा पट्टा. विमानात बसताना प्रत्येकाला द्यायचा, परतल्यावर काढून घ्यायचा. माणूस उत्तेजित झाला की त्याच्या कातडीवर न दिसणारा घाम येतो आणि कातडीतून वीज जराशी सहज वाहते. पट्टा ते मोजायचा. सोबत नाडीचा वेग, दोन ठोक्यांमधलं अंतर, अंगाचं तापमान. कंपनीनं मोठमोठ्या करमणूक-बागांतून, दोरीच्या पाळण्यांतून आणि समुद्रकिनाऱ्यांवरून हजारो माणसांना हे पट्टे घातले आणि त्यांना विचारलं, सगळ्यात मजा कधी आली? त्या उत्तरांवरून यंत्र शिकलं की छाती धडधडली, तळहात घामेजले, की माणसाला मजा येते. मग सगळ्याचा मिळून शून्य ते शंभर असा एक आकडा. त्याचं नाव रंजनांक.

बोरटेकचा रंजनांक आला अडतीस.

प्रणितानं कंपनीला कळवलं की आमच्या वहीत पाहुणे 'अप्रतिम' लिहितात, जाताना सासूबाईंच्या पाया पडतात. कंपनीचं उत्तर आलं की लोक भिडेपोटी लिहितात, शरीर भीड पाळत नाही. आता यात काहीच तथ्य नव्हतं असं नाही. ज्या मुलखात पाहुणा भूक लागलेली असताना दोनदा 'नको' म्हणतो, तिथे बोललेल्या शब्दावर कुणी किती भरवसा ठेवावा? नोव्हेंबरच्या मध्यावर दुसरं पत्र आलं. डिसेंबरची सरासरी पंचावन्नच्या खाली राहिली, तर एक जानेवारीपासून बोरटेकचं विमान समुद्रकाठच्या एका विमानतळाला दिलं जाईल. सोबत विमानतळप्रमुखांचीही बदली तिकडेच.

पत्र वाचून प्रणिता काट्यावरच बसली. पुन्हा महिन्यातून दोनदा भेट. आणि या वेळी अंतर दुप्पट.

तिला कोडं पडलं होतं ते वेगळंच. हे यंत्र नेमकं मोजतं तरी काय? म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं एक मनगटी स्वतःच्या हातात घातली आणि दिवसभर आकडे बघत राहिली. विमान उतरताना आडवा वारा आला तेव्हा एकाहत्तर. एका पाहुण्यानं काट्यावर चढायला नकार देऊन वाद घातला तेव्हा अडुसष्ट. धावपट्टीवर शेळ्या शिरल्या तेव्हा ब्याऐंशी. संध्याकाळी घरच्या ओट्यावर ती आणि निलेश तुरीच्या शेंगा सोलत बसले. निलेश त्याच्या नेहमीच्या संथ चालीत, मोटरीची वायर उंदरानं कशी कुरतडली ते सांगत होता. ही गोष्ट त्यानं सकाळीही सांगितली होती. प्रणितानं हळूच मनगट वळवून पाहिलं.

सत्तावीस. दिवसातला सगळ्यात कमी आकडा.

तिनं पट्टा घट्ट केला, पुन्हा पाहिलं. सत्तावीसच. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच ओट्यावर, अठ्ठावीस. परवा सव्वीस. भांडखोर पाहुण्याबरोबर अडुसष्ट आणि नवऱ्याजवळ सव्वीस! जिच्यासाठी आपण एवढी बदली मागितली, ती ओढ आटली की काय, आणि आपल्यालाच पत्ता नाही? शरीर भीड पाळत नाही, हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

तिनं उपाय सुरू केले. निलेशला मेहकरला सिनेमाला नेलं. मारामारीचा सिनेमा, आकडा साठ. एका सकाळी त्याला म्हणाली, "चला, विवरात खालपर्यंत पळत जाऊ."

"काऊन?" निलेशनं चहाचा कप खाली ठेवला. "कोन पडलं का तिथं?"

"असंच. मजा म्हणून."

निलेश साधा माणूस होता, पण खुळा नव्हता. आठ दिवस बायको शेजारी बसली की मनगटाकडे बघते आणि तोंड पाडते, हे त्याला दिसत होतं.

"परनिता," तो म्हणाला, "तुले माह्यासंग आता करमत नाई का?"

"तसं नाही हो," ती म्हणाली आणि रिकामे कप घेऊन आत गेली. ते कप तिनं तीनदा विसळले.

विमानतळाच्या दुखण्यावर औषध सापडलं ते मात्र तिच्या सासूबाईंना, द्वारकाबाईंना.

ठाण्याचा एक तरुण पाहुणा त्यांच्या घरी जेवायला बसला होता. द्वारकाबाईंनी भाकरीच्या कडेला खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला आणि बजावलं, "बोट लावून पाह्य फक्त." त्या पठ्ठ्यानं चटणी समजून घासभर उचलला. मग जे व्हायचं ते झालं. कानशिलं लाल, कपाळावर घाम, डोळ्यांतून धारा. द्वारकाबाई ताकाचा तांब्या घेऊन धावल्या, आणि प्रणिताच्या हातातल्या पाटीवर, म्हणजे पट्ट्यांचे आकडे दाखवणाऱ्या कंपनीच्या पडद्यावर, त्याचा रंजनांक दिसला : चौऱ्याण्णव.

यात आश्चर्य काही नव्हतं. मिरचीतलं तिखट जिभेवरच्या चटका ओळखणाऱ्या नसांनाच जाऊन भिडतं. शरीराला वाटतं, तोंडात विस्तव आहे. ते घाम फोडतं, नाडी पळवतं. यंत्राला तेवढंच कळत होतं, आणि यंत्राच्या मते त्या पोराला आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

"म्हंजे ठेचा खाल्ला की इमान ऱ्हाते?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आई, तसं नाही ते..."

"तसंच हाय ते. आकडा वर गेला का नाई?"

संध्याकाळी साती घरच्या बायका द्वारकाबाईंच्या ओट्यावर जमल्या. कुठल्याही शहाण्या गावानं कंपनीला अर्ज केला असता, मोर्चा नेला असता. बोरटेकनं मिरच्या निवडल्या. एक डिसेंबरपासून सातही घरांत प्रत्येक जेवणाला ठेचा, आणि पाहुण्यानं दोनदा 'नको' म्हटलं तर तिसऱ्यांदा वाढायचं, ही रीत तर अंगातच होती. एवढ्यावर गाव थांबलं नाही. कुणी बैलगाडी उतारावरून पळवू लागलं. कुणी विवराच्या काठावर उभं राहून "आग्या मोहळ उठलं, पळा!" म्हणून ओरडू लागलं. एका घरात तर दुपारी पाहुण्याचा डोळा लागला रे लागला की पत्र्याचा डबा वाजवायचे. प्रणितानं पहिल्या दिवशी हे थांबवायला तोंड उघडलं, पाटीवरचा एकोणसत्तर आकडा पाहिला आणि तोंड मिटलं. तिला तिच्या घरात राहायचं होतं.

चौदा डिसेंबरला सरासरी सहासष्ट झाली. कंपनीकडून अभिनंदनाचं पत्र आलं. इतकी झेप आजवर कुठल्याच मार्गानं घेतली नव्हती, तेव्हा मार्ग-निरीक्षक मृण्मयी साठ्ये स्वतः सोळा तारखेला येतील, आणि त्यांचा शेरा चांगला पडला तर मार्ग तीन वर्षांसाठी कायम. द्वारकाबाईंनी गल्लीत साखर वाटली.

त्याच दिवशी दुपारी दातार पती-पत्नी विमानतळावर येऊन बसले. दोघंही सत्तरीचे, पुण्याचे. दातार वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वर्षभरातली ही त्यांची चौथी खेप होती आणि त्यांचं परतीचं तिकीट आणखी तीन दिवसांनी होतं.

"काका, लवकर निघालात?"

"निघतो बुवा," दातार म्हणाले. बाईंचा घसा ठेच्यानं बसला होता. "प्रणिताताई, रागावू नका, पण तुमच्या गावाला झालंय काय? आम्ही इथे झोपायला येतो. हिला पुण्यात झोप लागत नाही, गोळी घेऊनही नाही. इथे बाजेवर पडली की लागते. या खेपेला तीन दिवसांत कुणी तिला डोळा मिटू दिला नाही."

प्रणिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ठेच्यापासून डब्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. दातार आधी हसले, मग हसायचे थांबले आणि त्यांनी तिच्या हातातली पाटी मागून घेतली.

"आमचे आधीचे आकडे दाखवा बरं. ऑक्टोबरातले."

दातार बाईंचा ऑक्टोबरातला रंजनांक होता बावीस.

"बावीस," दातार म्हणाले. "म्हणजे यंत्राच्या मते ही इथे कंटाळून गेली होती. आणि तरी पुन्हा आली. कंटाळायला कोणी चार वेळा विमानानं येतं का? अहो, हा पट्टा भांडं किती उकळतंय एवढंच सांगतो. आत दूध आहे की पाणी, ते त्याला काय ठाऊक? भीती, राग, आनंद, तिखट, सगळ्यांत भांडं उकळतंच. आणि आकडा खाली गेला तर माणूस कंटाळलाही असेल किंवा अगदी निवांत असेल. या आकड्याला दोन्ही सारखेच."

"मग ओळखायचं कसं?"

"ठोक्यांमधली अंतरं बघा. ती पट्टा साठवतो, पण धडधडीपुढे यंत्र त्यांना विचारत नाही." त्यांनी दातार बाईंची नोंद उघडली. पडद्यावर एक रेघ आली, संथ, वरखाली होणारी. "माणूस निर्धास्त असला की श्वास घेताना हृदय जरा भरभर चालतं आणि सोडताना रेंगाळतं. मेंदूकडून येणारी एक नस हृदयाला सांगत असते, सावकाश, घाई नाही. तेव्हा अशी मोठी लाट दिसते. धास्तावलेल्या माणसात ती मरते, कंटाळून चुळबुळणाऱ्यातही आखडते. एवढी मोठी लाट फक्त सुखात पडलेल्या माणसाची."

विमान उडालं. प्रणिता एकटीच खोलीत बसली. तिला जी नोंद उघडायची होती ती उघडायचा धीर होत नव्हता. शेवटी उघडली. संध्याकाळी साडेसहा, घरचा ओटा, सत्तावीस. रेघ वर चढली, उतरली, पुन्हा चढली. दातार बाईंच्या लाटेपेक्षाही मोठी लाट होती, आणि निलेशच्या उंदराच्या गोष्टीभर ती तशीच चालली होती. प्रणिता पदर तोंडाला लावून हसली आणि मग रडली. हे ताबडतोब जाऊन त्याला सांगावं असं तिला वाटलं. पण नवऱ्याला असलं काही तोंडानं सांगायची तिला सवय नव्हती, आणि त्याहून तातडीचं काम समोर होतं.

तिनं साती घरी जाऊन ठेचा, डबा, सगळंच बंद केलं.

"इमान जाईन ना मंग," द्वारकाबाई म्हणाल्या.

"जाईल कदाचित. पण आई, दातार काकूंना आपण झोपू नाही दिलं."

द्वारकाबाईंनी खलबत्ता बाजूला सारला. पाहुण्याला उपाशी ठेवणं आणि झोपू न देणं, त्यांच्या लेखी एकाच पायरीचं पाप होतं, आणि ते आपल्या घरात घडलं हे त्यांना आत्ता कुठे लख्ख दिसलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मले पयलेपासूनच पटत नोतं थे." तिथे आलेल्या शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं.

सोळा तारखेला मृण्मयी साठ्ये उतरल्या. चाळिशीच्या, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. त्यांच्या मनगटावरही पट्टा होता, आणि तो पाहुण्यांसारखा नवा नव्हता. कातडीवर त्याचा पांढरा वण पडला होता. विवर पाहून झालं. काठावरच प्रणितानं त्यांना सगळं सांगितलं. ठेचा, बैलगाडी, मोहळ, डबा. मग लाटा दाखवल्या.

मृण्मयीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे हे चौदा दिवस मला वगळावे लागतील."

"वगळा, मॅडम."

"त्याआधीची सरासरी?"

"अडतीसच्या आसपास."

"मार्ग बंद होतो, हे कळतंय ना तुम्हाला? तुमची लाट खरी असेलही. पण मी शास्त्रज्ञ नाही, माझ्या नियमात एकच आकडा आहे. तुम्ही गप्प बसला असतात तर आज मी सही करून गेले असते."

"कळतंय," प्रणिता म्हणाली. "पण पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आणून विमान ठेवलं तर ते येणार कुणासाठी?"

घरी जेवण झालं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, वर तुरीच्या दाण्यांची आमटी आणि ताक. द्वारकाबाईंनी आग्रह केला तो फक्त भाकरीचा. हात धुऊन मृण्मयीबाई अंगणातल्या निंबाखाली बाजेवर टेकल्या. हिवाळ्यातलं ऊन पानांतून गाळून खाली येत होतं. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या, "मग अहवाल लिहायला बसते." तेव्हा अडीच वाजले होते.

पावणेचारला प्रणिता त्यांना उठवायला गेली, तर द्वारकाबाई वाटेत आडव्या उभ्या.

"जेवून झोपलेल्या पाहुनीले उठवाची रीत नाई आपल्या घरी."

"आई, चार दहाचं विमान आहे!"

"इमान उभंच हाय ना? उभं ऱ्हाऊ दे."

प्रणितानं बाजेकडे पाहिलं. बाईंचा एक हात खाली लोंबत होता, तोंड किंचित उघडं होतं, आणि सकाळपासून कपाळावर असलेली आठी कुठे गेली होती कुणास ठाऊक. विमान उशिरा सुटलं की तो डाग मार्गाच्याच नावावर लागणार होता. त्यातून निरीक्षकच गावात अडकल्या, तर उरलीसुरली आशाही संपली. बोरटेकच्या धावपट्टीला दिवे नव्हते, अंधार पडला की विमान उडत नसे. कॅप्टन सोनटक्केंचा फोन आला : "मॅडम, साडेपाचला चाकं उचलली नाहीत तर आज उचलणार नाहीत. काय करू?"

"थांबा," प्रणिता म्हणाली.

उशिराचं कारण पाटीवर लगेच भरावं लागे. यादीत होतं : हवामान, तांत्रिक, जनावरे, इतर. तिनं 'इतर' निवडलं आणि लिहिलं, 'प्रवासी गाढ झोपेत. उठवलं नाही.' विमानतळावर खोळंबलेल्या सहा प्रवाशांसाठी निलेशच्या हाती चहा पाठवला. त्यांनाही त्यानं खरं तेच सांगितलं. एकजण कुरकुरला, पण बाकीचे म्हणाले, झोपू द्या बिचारीला.

निंबावरून ऊन सरकलं, हवेत गारठा आला आणि पाचला पाच कमी असताना मृण्मयीबाईंनी डोळे उघडले. आधी वर पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि ताडकन उठून बसल्या.

"उठवलं का नाहीत मला?"

"झोपला होतात," प्रणिता म्हणाली.

निलेश गाडी घेऊन फाटकाशी उभाच होता. गाडी निघाली. बाईंनी सवयीनं मनगट वळवलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"सोळा," त्या पुटपुटल्या. एकदम म्हणाल्या, "माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मी घरी असले की झोपताना माझ्या दंडावर डोकं ठेवून दिवसभराचं सांगते. तेव्हा माझा आकडा वीसच्या खाली जातो. ऑफिसात ऐंशी असतो." त्यांनी पट्टा मनगटावर फिरवला. "गेलं वर्षभर मी समजत होते की माझ्यात आईपणच कमी आहे. म्हणून मी ऑफिसातच जास्त थांबायला लागले. जिथे आपलं मन रमतं तिथेच राहावं, असा विचार केला."

पुढे बसलेल्या निलेशनं आरशातून मागे पाहिलं आणि गाडी हळू केली.

"ती नोंद असेल तुमच्याकडे," प्रणिता म्हणाली. "आकडा नका पाहू. रेघ पाहा."

मृण्मयीबाईंनी आपली पाटी काढली. आजची दुपार उघडली, ती मोठी लाट पाहिली. मग थेट वर्षभर मागे गेल्या. रात्री साडेनऊ, मुलीची खोली. लाट. आदल्या दिवशी, लाट. त्याच्या आदल्या आठवड्यात, लाट. मग अलीकडे आल्या, तर गेल्या कित्येक महिन्यांत त्या वेळेला बहुधा लाट नव्हतीच. तेव्हा त्या घरी नव्हत्या. पाटीवर पाणी पडलं ते त्यांनी ओढणीनं पुसलं. पुन्हा पडलं.

"नीट चालवा," प्रणिता निलेशला म्हणाली, "पण जरा जोरात चालवा."

पाच वीसला त्या काट्यावर उभ्या राहिल्या. उभ्याउभ्याच त्यांनी पाटीवर शेरा लिहिला. निरीक्षकाला स्वतःच्या अधिकारात एक वर्षाची मुदत देता येते, फक्त कारण नोंदवावं लागतं. त्यांनी लिहिलं : बोरटेकचा मार्ग एक वर्ष चालू ठेवावा. या वर्षात येथील प्रवाशांच्या ठोक्यांमधील अंतरेही मोजावीत, आणि रंजनांक काढण्याची रीत चुकीची आहे काय, याची सर्व मार्गांवर तपासणी करावी. उदाहरणादाखल निरीक्षकाची स्वतःची वर्षभराची नोंद सोबत जोडली आहे.

"स्वतःची?" प्रणितानं विचारलं.

"शरीर भीड पाळत नाही, हे मीच लिहिलं होतं त्या पत्रात," बाई म्हणाल्या. "आता मीही पाळत नाही." त्यांनी पट्टा काढून प्रणिताच्या हातात दिला, विमानात चढता चढता फोन लावला, आणि पंख्यांच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, "नाही गं, ऑफिसला नाही, सरळ घरी येतेय." पाच सत्तावीसला चाकं उचलली.

संध्याकाळी ओट्यावर सूप ठेवून दोघं शेंगा सोलत बसले. आत द्वारकाबाई फोनवर कुणाला तरी, विमान आपण कसं वाचवलं ते रंगवून सांगत होत्या.

"एक सांगायचं होतं," प्रणिता म्हणाली. "मी तो पट्टा घालून तुमच्याजवळ बसायची. आकडा बघायला."

"मले मालूम हाय. किती आला?"

"सत्तावीस."

निलेशचा हात शेंगेवरच थांबला. "शंभरातून? अवं, धाव्वीच्या गनितात बी पस्तीस होते मले."

प्रणिताला हसू आवरेना. मग तिनं त्याला सगळं सांगितलं, दातार काकांचं, लाटेचं, पदराआड रडल्याचं. सांगताना तिनं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही, पण एक शब्द गाळला नाही. दिवसभराच्या साऱ्या धावपळीत माझा जीव जिथे थांबतो ती जागा म्हणजे तुम्ही, हेसुद्धा म्हणाली.

निलेशनं हातातले दाणे सुपात टाकले.

"म्हंजे कमी आला थे चांगलं?"

"तुमच्या बाबतीत, हो."

त्यानं मधलं सूप उचलून पलीकडे ठेवलं. "मंग सरक इकडं. पंचवीसवर येते का पाहू."

"आता कसं पाहणार? मनगटी मी कपाटात ठेवून आले."

"मंग अंदाजानं पाहू," निलेश म्हणाला, आणि मोटरीच्या वायरीचं आणखी एक नवीनच लफडं सांगायला लागला.